झेल घेणाऱ्याचं खातं कुठे आहे? एकनाथ सोलकर, कबड्डीतला कोपरा आणि मोजमापाचा प्रश्न

शिरूर किंवा दौंड तालुक्यात यात्रेच्या दिवसांत फिरलात तर चौकाचौकात स्पर्धेचे फ्लेक्स दिसतात. टेनिस बॉल क्रिकेट असेल तर मोठ्या बक्षिसांच्या खाली बारीक अक्षरांत वैयक्तिक बक्षिसं असतात: मालिकावीर, उत्कृष्ट फलंदाज, उत्कृष्ट गोलंदाज, उत्कृष्ट क्षेत्ररक्षक. कबड्डी असेल तर उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड, अष्टपैलू खेळाडू. क्षेत्ररक्षकाचं बक्षीस बहुतेक वेळा सगळ्यात लहान असतं. पण असतं.

आता जागतिक क्रिकेटकडे बघा. आयसीसीने २००९ मध्ये हॉल ऑफ फेम सुरू केलं. त्यासाठी जे ढोबळ निकष सांगितले जातात ते असे: फलंदाजाच्या कसोटी किंवा एकदिवसीय यांपैकी एका प्रकारात ८००० धावा आणि २० शतकं हवीत, नाहीतर सरासरी ५० च्या वर हवी. गोलंदाजाला २०० बळी आणि त्यासोबत ठरावीक स्ट्राइक रेट. यष्टीरक्षकाला २०० बळी. कर्णधाराला किमान २५ कसोटी किंवा १०० एकदिवसीय सामन्यांचं नेतृत्व आणि निम्मे तरी विजय. या यादीत निव्वळ क्षेत्ररक्षकाचं खातंच नाही. म्हणजे गावच्या फ्लेक्सवर जो रकाना आहे तो जागतिक संस्थेच्या निकषात नाही.

मग प्रश्न असा: एखादा खेळाडू एकाच खास कामात जगात अव्वल असेल, आणि ते काम धावा किंवा बळी या रकान्यांत बसत नसेल, तर तो सर्वोच्च सन्मानाला पात्र आहे का? कट्ट्यावर या प्रश्नावर दोन तास भांडता येतं आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो. आपण तो संशोधनाचा प्रश्न म्हणून सोडवून बघू. पेट दिलेल्यांना, कोर्सवर्क करणाऱ्यांना किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांना ज्या अडचणी येतात, त्यातल्या जवळपास सगळ्या इथे एकाच ठिकाणी भेटतात.

आधी प्रश्नाचे तुकडे करा

‘पात्र आहे का’ हा प्रश्न थेट मोजता येत नाही. पात्रता ही काही थर्मामीटर लावून बघायची वस्तू नाही. अशा वेळी पहिलं काम म्हणजे मोठ्या, धूसर शब्दाचे लहान, तपासता येणारे तुकडे करणं. माझ्या मते इथे तीन तुकडे पुरतात.

पहिला: हे काम वेगळं, कठीण आणि दुर्मीळ कौशल्याचं आहे का? दुसरा: हा खेळाडू त्याच कामातल्या इतरांपेक्षा किती पुढे होता? तिसरा: त्याच्यामुळे संघाच्या निकालात फरक पडला का, आणि तो पुरेसा काळ टिकला का?

तुकडे केले की भांडण निम्मं होतं, कारण दोन माणसं नेमकी कुठल्या तुकड्यावर असहमत आहेत ते कळतं.

नमुना म्हणून एक माणूस

आपली केस एकनाथ सोलकर. जन्म १९४८, निधन २००५. मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर वडील मैदानाची देखभाल करायचे, तिथेच हा मुलगा वाढला. १९६९ ते १९७७ या काळात २७ कसोटी खेळले. १०६८ धावा, सरासरी २५.४२, एक शतक. १८ बळी, सरासरी ५९.४४. एवढेच आकडे समोर ठेवले तर कुठलीही निवड समिती पान उलटून पुढे जाईल.

पण आणखी एक आकडा आहे: ५३ झेल. २७ कसोटींत ५३. त्यातले बरेचसे फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या बॅटपासून दोन-तीन हातांवर, डोक्यावर हेल्मेट नसताना. तेव्हा हेल्मेटची पद्धतच नव्हती.

ऑगस्ट १९७१, ओव्हल. इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला आणि भारताने इंग्लंडच्या भूमीवर पहिल्यांदा कसोटी आणि मालिका जिंकली. चंद्रशेखर यांचे ३८ धावांत ६ बळी सगळ्यांना माहीत आहेत. पण स्कोअरकार्ड शांतपणे वाचा. फ्लेचर शून्यावर, झेल सोलकर. ॲलन नॉट १ धाव, झेल सोलकर. याच नॉट यांनी पहिल्या डावात ९० केल्या होत्या. सोलकर यांनी त्या सामन्यात पहिल्या डावात ४४ धावा केल्या आणि ३ बळीही घेतले, पण आजही लोकांना आठवतो तो नॉट यांचा झेल, पुढे झेपावून घेतलेला.

गंमत म्हणजे त्या काळातल्या पुरस्कार समितीला हे दिसलं होतं. सोलकर यांना १९७२ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. गावसकर यांना तो १९७५ चा मिळाला. हॉल ऑफ फेममध्ये गावसकर पहिल्या तुकडीपासून आहेत, आणि असायलाच हवेत. सोलकर नाहीत. एकाच माणसाबद्दल दोन व्यवस्था दोन वेगळी उत्तरं देतात, तेव्हा संशोधकाने माणसाकडे बघण्याआधी दोन्ही व्यवस्थांच्या मोजपट्ट्या तपासायच्या.

पहिली पायरी: भाजक कुठला?

५३ झेल हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. राहुल द्रविड यांचे कसोटीत २१० झेल आहेत. मग द्रविड चौपट चांगले? नाही, कारण ते १६४ कसोटी खेळले. दर कसोटीमागे झेल काढा. द्रविड १.२८. अजिंक्य रहाणे १०२ झेल, ८५ कसोटी, म्हणजे १.२०. ऑस्ट्रेलियाचे बॉब सिम्पसन ११० झेल, ६२ कसोटी, म्हणजे १.७७. सोलकर १.९६. यष्टीरक्षक सोडले आणि किमान २० कसोटींची अट लावली तर सोलकर यांचं प्रमाण सर्वोच्च गणलं जातं.

छान. पण इथेच थांबू नका. ‘किमान २० कसोटी’ ही अट कोणी आणि का लावली? ती काढून बघू. यजुर्विंद्र सिंग, रणजीत महाराष्ट्राकडून खेळलेले, फक्त ४ कसोटी खेळले आणि ११ झेल घेतले. दर कसोटीमागे २.७५. सोलकरही मागे! यातले ७ झेल तर १९७७ च्या बंगळूरच्या एकाच कसोटीत, इंग्लंडविरुद्ध. तो तेव्हाच्या विक्रमाशी बरोबरी करणारा पराक्रम होता. पुढे २०१५ मध्ये गॉलला रहाणे यांनी एका कसोटीत ८ झेल घेतले.

मग यजुर्विंद्र जगातले सर्वोत्तम? कौतुक पुरेपूर, पण निष्कर्ष नाही. चारच सामने असताना एका भन्नाट सामन्याने सगळी सरासरी वर ओढली जाते. नमुना लहान असला की प्रमाण टोकाला जातं, वरही आणि खालीही. लहान दवाखान्यांचे, लहान शाळांचे, लहान गावांचे आकडे राज्याच्या यादीत सगळ्यात वर किंवा सगळ्यात खाली दिसतात, त्याचं एक मोठं कारण हेच असतं.

आता अट उलट वाढवा. किमान ५० कसोटी केली की सोलकर यादीतूनच बाहेर. म्हणजे ४ ची अट लावली तर यजुर्विंद्र पुढे, २० ची लावली तर सोलकर पहिले, ५० ची लावली तर सोलकर यादीतच नाहीत. तुमच्या प्रबंधातही अशी एखादी सीमारेषा असणारच: किती एकरांच्या वरचा शेतकरी ‘मोठा’, किती पीपीएमच्या वर पाणी ‘दूषित’. ती रेषा थोडी वर-खाली सरकवून निष्कर्ष टिकतो का ते बघायची सवय लावा. व्हायवाला बाहेरचे परीक्षक हाच प्रश्न विचारतात. तो त्यांनी विचारण्याआधी तुम्ही स्वतःला विचारलेला बरा.

आणि खरा भाजक तर अजून आपल्या हातात आलेलाच नाही. सामने हा भाजक सोयीचा आहे, योग्य नाही. योग्य भाजक म्हणजे झेलाच्या संधी: किती आल्या आणि त्यातल्या किती घेतल्या. पण स्कोअरकार्डात सुटलेल्या झेलाला रकाना नसतो. ओव्हलच्याच त्या डावात डॉलिव्हेरा यांचा झेल बदली खेळाडूने, जयंतीलाल यांनी, घेतला. बदली खेळाडूचा झेल त्याच्या कारकिर्दीच्या आकड्यांत धरत नाहीत. म्हणजे काम झालं, बळी मिळाला, सामना फिरला आणि झेल घेणाऱ्याच्या नावावर शून्य. डेटा नाही याचा अर्थ घटना नाही असा नसतो. अनेकदा एवढाच अर्थ असतो की कोणीतरी रकाना आखला नव्हता.

दुसरी पायरी: जे मोजतोय ते तेच आहे का?

आता जाँटी ऱ्होड्स यांचं उदाहरण घ्या. क्षेत्ररक्षण म्हटलं की माझ्या पिढीच्या डोळ्यांसमोर १९९२ च्या विश्वचषकात इंझमाम यांना धावबाद करताना हवेत आडवा झालेला तो माणूस येतो. त्यांचे कसोटी झेल किती? ५२ कसोटींत ३४. दर कसोटीमागे ०.६५. आपल्या मोजपट्टीने द्रविड यांच्या निम्मे.

म्हणजे ऱ्होड्स सुमार क्षेत्ररक्षक? उघडच नाही. ते पॉइंटला उभे राहायचे. तिथे झेल कमी येतात, चेंडू अडवायचे जास्त असतात. त्यांचं काम अडवलेल्या धावांत, न धावलेल्या चोरट्या एकेरी धावांत आणि धावबादच्या भीतीत होतं. झेलांची संख्या हे शॉर्ट लेगच्या माणसासाठी बऱ्यापैकी माप आहे, पॉइंटच्या माणसासाठी फारसं कामाचं नाही.

याला आपण मोजमापाची वैधता म्हणतो. नेट-सेटच्या पेपरात व्याख्या पाठ करून दोन मार्क मिळतात, पण तिचा खरा अर्थ इथे कळतो. माप अचूक असू शकतं, झेल मोजण्यात कोणाचीच चूक नसते, आणि तरीही ते भलत्याच गोष्टीचं माप असू शकतं.

तिसरी पायरी: एकक सारखं आहे का?

क्रिकेटमधून जरा कबड्डीत येऊ, कारण एककाचा घोळ तिथे जास्त स्वच्छ दिसतो. प्रो कबड्डीचा दहावा हंगाम, जो मार्च २०२४ मध्ये आपल्या पुणेरी पलटणने जिंकला. त्या हंगामात सर्वाधिक रेड पॉइंट आशू मलिक यांचे, २७६. सर्वाधिक टॅकल पॉइंट मोहम्मदरेझा शादलू यांचे, ९९. मग सर्वोत्तम रेडर सर्वोत्तम बचावपटूपेक्षा पावणेतीन पट भारी?

नियम आठवा. रेडर एका चढाईत दोन-तीन गडी टिपून दोन-तीन गुण आणू शकतो. शिवाय समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तर बोनस रेषा ओलांडून एक गुण. पकड कितीही सुंदर असो, तिला एकच गुण. फक्त तीन किंवा कमी गडी असताना पकड केली तर सुपर टॅकलचा एक जादा. आता महत्त्वाची गोष्ट: गडी टिपून मिळालेल्या प्रत्येक गुणामागे आपला बाद झालेला एक गडी परत आत येतो. पकडीमागेही एक गडी परत येतो. बोनसच्या गुणामागे कोणीच येत नाही. म्हणजे रेड पॉइंटच्या ढिगात दोन वेगळ्या वजनांची नाणी मिसळलेली आहेत, आणि ती आपण टॅकल पॉइंटच्या ढिगाशी नुसती मोजून तोलतोय.

शिवाय संधी. चढाईला जायचं की नाही हे रेडर आणि त्याचा संघ ठरवतो. कोपऱ्यातल्या माणसाला समोरून कोणी आपल्याकडे यायची वाट बघावी लागते. एकाला काम मागून घेता येतं, दुसऱ्याला नाही. मग दोघांना एकाच यादीत लावायचं तरी कसं? सरळ उत्तर: लावायचं नाही. आपापल्या कामातल्या इतरांशी तुलना करायची. गावच्या स्पर्धेत ‘उत्कृष्ट चढाई’ आणि ‘उत्कृष्ट पकड’ अशी दोन बक्षिसं असतात. संयोजकांनी कुठलीही संख्याशास्त्राची कार्यशाळा केलेली नसते, पण त्यांनी एककाचा प्रश्न बरोबर सोडवलेला असतो.

चौथी पायरी: श्रेय कोणाचं?

सोलकर यांच्या बाजूने बोलणाऱ्यांना इथे अडवायला हवं. ते कोणाच्या गोलंदाजीवर उभे होते? बेदी २६६ बळी, चंद्रशेखर २४२, प्रसन्ना १८९, वेंकटराघवन १५६. असले चार फिरकीपटू एका पिढीत मिळाले तर शॉर्ट लेगला झेल उडणारच. मग ५३ हा आकडा सोलकर यांचा की फिरकीचा?

आणि याचं उलटही तितकंच खरं. त्या बळींतले किती तरी बळी कोणीतरी बॅटजवळ उभं राहून झेल घेतल्यामुळे झाले. गोलंदाजाच्या रकान्यात तो बळी पूर्ण एक म्हणून जातो. झेल घेणाऱ्याच्या नावावरही एक झेल जातो, पण हॉल ऑफ फेमचा निकष गोलंदाजाचा रकाना वाचतो, झेलाचा वाचत नाही. म्हणजे दोघांनी मिळून केलेल्या कामाची पावती एकाच खिशात.

दोन गोष्टी अशा एकमेकींत गुंतल्या की नुसत्या आकड्यांवरून त्या सुटत नाहीत. सोडवायच्या असतील तर तुलना हवी: तेच गोलंदाज, तीच जागा, पण उभा माणूस दुसरा. तेव्हा किती झेल घेतले गेले आणि किती सुटले? खेळाच्या विश्लेषणात याला ‘बदली खेळाडूच्या तुलनेत मूल्य’ म्हणतात. माणूस स्वतः किती चांगला हा प्रश्न बाजूला ठेवायचा, आणि त्याच्या जागी सहज मिळणारा दुसरा उभा केला असता तर किती कमी पडलं असतं हे विचारायचं. जी जागा कोणीही भरू शकतो तिथला चांगला माणूस फार मौल्यवान ठरत नाही. हेल्मेट नसताना बॅटपासून तीन हातांवर उभं राहायला तयार असणारे किती होते, याचा विचार केला की सोलकर यांची जागा भरणं किती अवघड होतं हे लक्षात येतं.

पाचवी पायरी: जे घडलंच नाही ते

हा सगळ्यात अवघड भाग, आणि संशोधनात सगळ्यात जास्त सुटणारा.

एक काल्पनिक सामना घ्या. समजा एका संघाचा डावा कोपरा १२ वेळा पकडीला गेला आणि ६ वेळा यशस्वी झाला. उजवा कोपरा ५ वेळा गेला आणि ४ वेळा यशस्वी झाला. बक्षीस डाव्या कोपऱ्याला, कारण ६ गुण ४ पेक्षा जास्त. आता मला आणखी एक गोष्ट सांगा: समोरच्या ६० चढायांपैकी ४५ डाव्या बाजूने आल्या होत्या. मग चित्र फिरतं. कदाचित रेडर उजव्या कोपऱ्याला घाबरून तिकडे जातच नव्हते. त्याची दहशत इतकी की त्याला काम मिळेना, काम मिळेना म्हणून गुण मिळेनात, आणि गुण नाहीत म्हणून बक्षीस नाही.

‘कदाचित’ म्हणालो, कारण दुसरंही कारण असू शकतं. बरेच रेडर सवयीच्या बाजूनेच जातात, समोर कोणीही असो. दोन कारणं वेगळी करायची तर तोच रेडर दुसऱ्या संघाविरुद्ध कुठल्या बाजूने जातो ते बघावं लागेल. आणि ५ प्रयत्न हा नमुना किती लहान आहे हे यजुर्विंद्र यांच्या उदाहरणाने आपल्याला आधीच शिकवलंय.

शॉर्ट लेगचंही असंच. तिथे सोलकर उभे आहेत म्हणून फलंदाज पुढे येऊन बचाव करायला कचरतो, मागे राहतो आणि पायचीत होतो. बळी गोलंदाजाचा. झेल नाही, म्हणून सोलकर यांच्या नावावर काहीच नाही.

अमेरिकन फुटबॉलमध्ये याचं फार बोलकं उदाहरण आहे. तिथे आक्रमणाचा संघ वेगळा, बचावाचा वेगळा, आणि चेंडू लाथेने मारणं, परतवणं अशा मोजक्या प्रसंगांसाठी ‘स्पेशल टीम’ असते. तिथले खेळाडू सामन्यात मोजक्याच वेळा मैदानात येतात. त्यांच्या हॉल ऑफ फेममध्येही आपल्यासारखाच वाद अनेक वर्षं चालला. ते दालन १९६३ मध्ये उघडलं. निव्वळ किकर म्हणून पहिला माणूस, यान स्टेनेरुड, १९९१ मध्ये आत गेला. निव्वळ पंटर म्हणून पहिला, रे गाय, २०१४ मध्ये. त्याचा शेवटचा हंगाम १९८६ चा होता, म्हणजे जवळपास तीन दशकं थांबावं लागलं. आणि मुख्यतः चेंडू परतवण्यासाठी ओळखला जाणारा पहिला, डेव्हिन हेस्टर, २०२४ मध्ये. हेस्टरबाबत प्रतिस्पर्धी संघ मुद्दाम चेंडू त्याच्यापासून लांब किंवा मैदानाबाहेर मारू लागले. तसं करताना त्यांचंच अंतराचं नुकसान व्हायचं, म्हणजे फायदा हेस्टरच्या संघाचा. पण हेस्टरने चेंडूला हातही लावलेला नसायचा, त्यामुळे त्याच्या रकान्यात काहीच जायचं नाही.

आपल्याला यातून घ्यायची गोष्ट एवढीच: तिथेही खेळाडू बदलले नव्हते, आकडेही तेच होते. निवडणाऱ्यांनी ‘हे वेगळं काम आहे’ हे मान्य केलं आणि दार उघडलं.

मग उत्तर काय?

विरुद्ध बाजू कमकुवत नाही, ती नीट मांडू. पहिलं म्हणणं: हॉल ऑफ फेम ही मोजक्यांची जागा आहे. प्रत्येक कामाला रकाना दिला तर उद्या उत्कृष्ट बारावा खेळाडूही मागणी करेल. दुसरं: फलंदाज दिवसभर खेळतो, शॉर्ट लेगला दिवसात एखादी संधी. परिणामाचं प्रमाण लहान. तिसरं, सोलकर यांच्यापुरतं: २७ कसोटी म्हणजे कारकीर्द छोटी.

पहिल्याला माझं उत्तर: रकाना देणं म्हणजे सन्मान देणं नव्हे. रकाना असला तर तुलना होईल, आणि तुलनेत बहुतेक जण गळतील. यष्टीरक्षकाचा रकाना आहे म्हणून प्रत्येक यष्टीरक्षक आत गेला नाही. दुसऱ्यात तथ्य आहे, म्हणून कसोटी कडक हवी: नुसता चांगला क्षेत्ररक्षक पुरेसा नाही, आपल्या जागेवर तो इतरांच्या स्पष्ट पुढे असायला हवा. आणि परिणाम मोजताना त्या एका संधीचं वजनही बघायला हवं. पहिल्या डावात ९० करणारा नॉट दुसऱ्या डावात १ वर जातो, तेव्हा ती एक संधी छोटी नसते. तिसरं म्हणणं सगळ्यात भक्कम आहे, आणि ते मी पूर्ण खोडू शकत नाही.

तरी माझं मत सांगतो. क्षेत्ररक्षकाचा रकाना असायलाच हवा, याबद्दल मला शंका नाही. तो रकाना झाला तर सोलकर यांचं नाव पहिल्या चर्चेत असावं, आणि माझं मत त्यांच्या बाजूने पडेल. तीन तुकड्यांपैकी पहिल्या दोनांत ते ठामपणे उत्तीर्ण होतात. तिसऱ्यात ओव्हल त्यांच्या बाजूने आहे आणि सामन्यांची संख्या विरुद्ध. तुमचं मत वेगळं पडू शकतं. पण ते कुठल्या तुकड्यावर वेगळं आहे हे आता तुम्हाला सांगता येईल, आणि मतभेदाला एवढी शिस्त आली तरी पुष्कळ झालं.

हे तुमच्या कामाचं का आहे

कारण पुढच्या तीन-चार वर्षांत तुम्हीही कोणाचं तरी श्रेय मोजणार आहात, आणि कोणीतरी तुमचं.

भीमा किंवा घोडच्या काठावरून पाण्याचे नमुने गोळा करायचे असतील तर पाणी कुठे खोल आहे, कुठल्या बाजूने उतरायचं, कारखान्याचं पाणी कुठल्या वेळी सुटतं हे सांगणारा स्थानिक माणूस लागतो. प्रयोगशाळेत ते जुनं यंत्र फक्त एका सहायकाच्या हाताला दाद देतं. पेपर छापून येतो तेव्हा ही माणसं फार तर ऋणनिर्देशात असतात, कधी तिथेही नसतात. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, तिचे लेखकत्वासाठी चार निकष आहेत: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या गंभीर तपासणीत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती, आणि कामाची जबाबदारी. चारही हवेत. ज्याला इंग्रजी मसुदा कोणी दाखवलाच नाही तो दुसऱ्या निकषावरच बाद. म्हणून तीच समिती असंही म्हणते की पहिला निकष पूर्ण करणाऱ्याला दुसरा आणि तिसरा निकष पूर्ण करण्याची संधी द्या. ही ओळ फार कमी लोक वाचतात. तुमच्या गाइडशी पहिल्याच वर्षी यावर मोकळेपणाने बोला. पेपर तयार झाल्यावर हा विषय काढणं सगळ्यांनाच जड जातं.

गेल्या काही वर्षांत ‘क्रेडिट’ नावाची पद्धत अनेक नियतकालिकांनी स्वीकारली आहे. तिच्यात योगदानाचे १४ प्रकार आहेत: कल्पना, पद्धत, प्रत्यक्ष तपास, डेटा सांभाळणं, सॉफ्टवेअर, लेखन वगैरे. कोणी काय केलं ते नावासमोर छापतात. ती पद्धत परिपूर्ण नाही, पण ‘उत्कृष्ट पकड’चं वेगळं बक्षीस ठेवण्यासारखीच आहे: रकाना आखला की काम दिसू लागतं.

करून बघा

हंगामात शिरूर किंवा दौंडच्या परिसरात कबड्डीची एखादी स्पर्धा बघायला जा, वही घेऊन. प्रत्येक चढाईची एक ओळ. रकाने पाच: रेडर कोण, कुठल्या बाजूने गेला, समोर किती गडी होते, पकडीला कोण गेलं, निकाल काय. एका दिवसात दोन-तीनशे ओळी सहज जमतात. घरी आल्यावर आधी नुसते गुण मोजून सर्वोत्तम बचावपटू काढा. मग प्रयत्नांनी भागून काढा. मग कुठल्या बाजूला चढाया कमी आल्या ते बघा. तीन वेगळी नावं आली तर दचकू नका, तिन्ही गणितं बरोबर असू शकतात. त्यातलं कुठलं तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे ठरवून दोन परिच्छेदांत लिहा. सिनॉप्सिसमधला ‘संशोधन पद्धती’ हा भाग लिहिण्याचा याहून स्वस्त आणि चांगला सराव मला माहीत नाही.

आणि जाताना संयोजकांना विचारा, उत्कृष्ट पकडीचं बक्षीस चढाईच्या बक्षिसापेक्षा लहान का असतं. उत्तर काय मिळतं तेही वहीत लिहा. तोही डेटाच आहे.